ड्रॅगनची भाषा कोणती? : फॅरो बेटांवरची फँटसी आणि तिचा वाचक

१८१७ साली हान्स क्रिश्चियन ल्युंगबी हा डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ फॅरो बेटांवर गेला, तो समुद्री शेवाळाचे नमुने गोळा करायला. स्कॉटलंड, नॉर्वे आणि आइसलँड यांच्या मधोमध, उत्तर अटलांटिकमध्ये विखुरलेली ही १८ बेटे. झाडे जवळजवळ नाहीत. मेंढ्या, गवत, कडे आणि समुद्र. शेवाळ मिळालेच, पण त्याबरोबर ल्युंगबीच्या कानांवर काहीतरी वेगळे पडले. तिथले शेतकरी आणि कोळी एकमेकांचे हात धरून, गोल साखळी करून, तासन्‌तास एक लांबलचक गाणे म्हणत नाचत होते. गाणे होते शूरुर नावाच्या वीराचे. सोन्याच्या राशीवर बसलेल्या ड्रॅगनला त्याने कसे मारले, त्याचे.

ल्युंगबीने ही गाणी जमवली आणि १८२२ साली डॅनिश भाषांतरासह छापली. फॅरोई भाषेतले हे पहिले छापील पुस्तक. एखाद्या भाषेचे पहिले छापील पुस्तक बहुधा धर्मग्रंथ, व्याकरण किंवा शब्दकोश असते. फॅरोई भाषा छापखान्यात शिरली ती ड्रॅगनच्या पाठीवर बसून.

फँटसी, म्हणजे अद्भुतरम्य साहित्य, आवडणारा माणूस दूरच्या बेटावर राहत असेल, तर त्याचे चित्र आपल्या डोळ्यांसमोर कसे येते? एकटा, पुस्तकांसाठी बोटीची वाट पाहणारा, आपली आवड कोणाला सांगावी या विवंचनेत असलेला. फॅरो बेटांचा इतिहास पाहिला की हे चित्र अपुरे वाटू लागते. तिथल्या वाचकाची अडचण एकटेपणाची फारशी नाही. त्याची अडचण भाषेची आहे, आणि ती गेल्या दोनशे वर्षांत पुरती उलटीपालटी झाली आहे. ही उलथापालथ कशी झाली आणि तिचा आपल्याशीही काही संबंध आहे का, हे या लेखात पाहायचे आहे.

देवाची भाषा, ड्रॅगनची भाषा

सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेनंतर फॅरो बेटांवर चर्च, न्यायालय आणि पुढे शाळा यांची भाषा डॅनिश झाली. घरात, शेतात, होडीत फॅरोई. देवासमोर आणि अधिकाऱ्यासमोर डॅनिश. फॅरोईला मान्य अशी लिपिव्यवस्थाही नव्हती. अठराव्या शतकाच्या अखेरीस येन्स क्रिश्चियन स्वाबो याने गाणी उतरवून घेतली, ती उच्चाराप्रमाणे, स्वतः ठरवलेल्या लेखनात. ती त्याच्या हयातीत छापली गेली नाहीत.

ल्युंगबीला गाणी जमवण्यात योहान हेन्रिक श्रोटर या स्थानिक धर्मोपदेशकाची मदत झाली. याच श्रोटरने मॅथ्यूच्या शुभवर्तमानाचे फॅरोईत भाषांतर केले आणि ते १८२३ साली, म्हणजे ड्रॅगनच्या पुस्तकानंतर एकाच वर्षाने, प्रसिद्ध झाले. लोकांनी त्याचे स्वागत केले नाही. रोजच्या बोलीत देवाचे शब्द वाचणे त्यांना अवघड वाटले. ती भाषा त्या कामाला शोभत नाही अशी भावना होती. संपूर्ण बायबल फॅरोईत यायला पुढे १९४९ साल उजाडले.

या दोन पुस्तकांकडे शेजारी शेजारी ठेवून पाहायला हवे. माणूस जवळपास तोच, काळ तोच, भाषा तीच. ड्रॅगन मारणारा वीर, पक्ष्यांची भाषा कळणे, शापित सोने हे सारे त्या भाषेत शोभत होते. येशूचे प्रवचन शोभत नव्हते. अद्भुत हा त्या भाषेचा हक्काचा प्रांत होता, कारण बाकीचे सगळे प्रांत दुसऱ्या भाषेने घेतले होते. हिवाळ्याच्या लांब रात्री धुराच्या खोलीत, म्हणजे चुलीभोवतीच्या मोठ्या खोलीत, लोकर पिंजत आणि विणत बसलेली माणसे गोष्टी सांगत, गाणी म्हणत. आपल्याकडे जात्यावर ओवी टिकली तशी तिथे लोकरीच्या कामावर कथागीते टिकली.

१८४६ साली व्ही. यू. हामर्सहाइम्ब याने फॅरोईची लेखनपद्धती ठरवली. ती उच्चाराला धरून नाही, व्युत्पत्तीला धरून आहे. त्यामुळे आज उच्चारली न जाणारी अक्षरेही लिहिली जातात आणि पानावरची फॅरोई जुन्या नॉर्स भाषेची जवळची बहीण दिसते. शूरुर हे नाव लिहिताना मध्ये असे एक मुके अक्षर असते. हामर्सहाइम्बने स्वतः दंतकथा, लोकांतले मंत्र आणि गाणी जमवून छापली. म्हणजे या भाषेला लेखन मिळाले तेही अद्भुताच्या सोबतीनेच.

साखळीत उभा राहणारा चाहता

आता या कथागीतांचा आस्वाद कसा घेतला जातो ते पाहू. वाद्य नसते. माणसे हात धरून साखळी करतात. दोन पावले डावीकडे, एक उजवीकडे. जागा अपुरी पडली की वर्तुळ आत वळते, वेटोळे घेते आणि नाचणाऱ्या प्रत्येकाला दुसऱ्या प्रत्येकाचा चेहरा कधी ना कधी समोर येतो. एक जण कडवी सांगतो. त्याला स्किपारी म्हणतात, म्हणजे जहाजाचा तांडेल. ध्रुपद सगळे म्हणतात. बाहेर बसून ऐकणारा श्रोता हा या व्यवस्थेत जवळजवळ नाहीच.

कथेचा शेवट सर्वांना ठाऊक असतो. रेगिन नावाचा लोहार तलवार घडवतो, शूरुर ड्रॅगनला मारतो, त्याच्या काळजाची चव घेतल्यावर त्याला पक्ष्यांची भाषा कळते, आणि रेगिनच आपला घात करणार हे त्याला त्यांच्याकडून समजते. पुढे काय होणार ही उत्सुकता इथे नाही. आपल्याकडे पोवाडा ऐकणाऱ्याला अफजलखानाचे काय झाले हे माहीत असते, तरी त्याच्या अंगावर काटा येतो, तसेच हे. आनंद आहे तो पुन्हा म्हणण्यात, सर्वांनी मिळून म्हणण्यात.

शहरी फँटसी-चाहत्याची प्रतिमा याहून निराळी. तो पुस्तके जमवतो, नवा भाग येण्याची वाट पाहतो, शेवट आधी कळला तर चिडतो. या दोन्ही आवडी एकाच नावाखाली ढकलू नयेत. काही पर्यटन-लेखन आनंदाने सांगते, की फॅरोची माणसे अजून टेकडीतल्या गुप्त लोकांवर विश्वास ठेवतात, म्हणून ती जन्मतःच फँटसीची चाहती. हे म्हणणे मला वरवरचे वाटते. कथागीत म्हणजे फँटसी कादंबरी नव्हे. कादंबरीचा लेखक एक अख्खे दुसरे जग रचतो आणि वाचक ते खोटे आहे हे जाणून त्यात शिरतो. कथागीतातला शूरुर आपल्याच जगातल्या कोण्या जुन्या काळी होऊन गेला असे धरून चालतात. लोककथा ऐकत वाढलेल्या मुलाला फँटसी आवडेलच असे नाही. फार तर त्याला तिच्यातले काही चेहरे ओळखीचे वाटतील.

घरी परतलेले बुटके

हे ओळखीचे चेहरे मात्र खरे आहेत. जे. आर. आर. टॉल्किनने लहानपणी अँड्र्यू लँगच्या परीकथासंग्रहात सिगुर्ड आणि ड्रॅगनची गोष्ट वाचली होती. सिगुर्ड म्हणजेच फॅरोचा शूरुर. पुढे ऑक्सफर्डमध्ये मूळ आइसलँडी गाथा वाचण्यासाठी त्याने मित्रांचे मंडळ चालवले आणि सिगुर्डवर स्वतः दीर्घकाव्य रचले, ते त्याच्या मृत्यूनंतर २००९ साली छापले गेले. ‘द हॉबिट’मधला ड्रॅगन सोन्यावर पहुडलेला आहे, आणि त्याचा मर्मभाग वीराला कळतो तो एका पक्ष्याकडून. त्यातल्या बुटक्यांची बहुतेक नावे, इतकेच काय गँडाल्फ हे नावही, जुन्या नॉर्स काव्यातल्या एका नामावळीतून घेतलेले आहे.

हे पुस्तक फॅरोईत आले १९९० साली, ‘हॉब्बिन’ या नावाने. अनुवादक आक्सेल तोरगार. त्यानेच केलेला ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा अनुवाद एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला आला. इंग्रजीत ही नावे परकी, जुनाट, गूढ वाटावीत म्हणून योजलेली. फॅरोईत मात्र ती चुलत भावंडांच्या घरी आली. बुटका, राक्षस, यक्षासारखा वनवासी या तिघांसाठी फॅरोईत जे शब्द आहेत ते इंग्रजी शब्दांचे सख्खे नातलग. अनुवादकाला शब्द शोधावा लागला नाही, फक्त उचलावा लागला.

मराठी अनुवादकाची अडचण आठवली म्हणजे हा फरक नीट कळतो. ‘एल्फ’ला यक्ष म्हणावे तर कुबेर आणि मेघदूत मागोमाग येतात, ‘एल्फ’च ठेवावे तर वाक्यात खडा लागतो. फॅरोई अनुवादकाला ही अडचण नाही असे वाटते, पण त्याची अडचण नेमकी या जवळिकीतच आहे. फॅरोच्या लोककथांतले गुप्त लोक धिप्पाड, काळ्या केसांचे, करड्या कपड्यांतले; ते टेकड्यांच्या पोटात राहतात, त्यांना क्रूस आणि चर्च सोसत नाही, आणि वीज आल्यावर ते दिसेनासे झाले असे सांगतात. टॉल्किनचे एल्फ तेजस्वी, दीर्घायुषी, गाणी रचणारे. शब्दाच्या ओळखीमुळे वाचक चुकीच्या शेजाऱ्याला दार उघडण्याची शक्यता असते. परकी वस्तू परकी वाटणे हाही फँटसीचा एक आनंद असतो. तो या घरवापसीत थोडा हरवतो. तरीही मला वाटते, की मिळते ते हरवण्यापेक्षा जास्त आहे. ज्या भाषेत शूरुर अजून पायांनी नाचला जातो, त्या भाषेत हा नवा ड्रॅगन वाचताना दोनशे वर्षांचा दुवा हातात येतो.

उशिरा येणारे पुस्तक

पण तारखा पाहा. ‘द हॉबिट’ १९३७चे, फॅरोई अनुवाद १९९०चा. मध्ये ५३ वर्षे. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५चे, त्यालाही जवळपास अर्धशतक लागले. हॅरी पॉटरने हे अंतर कापले. पहिले पुस्तक इंग्रजीत १९९७ साली आले आणि गुन्नार होयदाल या नावाजलेल्या लेखकाचा फॅरोई अनुवाद २००० साली, ‘हॅरी पॉट्टुर’ या नावाने. प्रकाशक होते शिक्षकांच्या संघटनेचे पुस्तक-खाते. फॅरोत मुलांची पुस्तके मोठ्या प्रमाणावर याच खात्याने काढली आहेत. सुमारे ५५,००० लोकवस्तीच्या, रत्नागिरी शहराहूनही लहान असलेल्या देशात बाजाराच्या भरवशावर बालसाहित्य उभे राहत नाही, हे शिक्षकांनी ओळखले आणि ते काम अंगावर घेतले.

तीन वर्षे हे अंतर प्रौढाला किरकोळ वाटेल. अकरा वर्षांच्या मुलाला ते फार मोठे असते. आज फॅरोचे मूल शाळेत डॅनिश शिकते, इंग्रजीही शिकते. खेळ, चित्रपट, मालिका इंग्रजीत पाहते. इंटरनेटच्या बाबतीत ही बेटे मागास नाहीत. डिसेंबर २०२०मध्ये खुल्या झालेल्या ११ किलोमीटरहून अधिक लांबीच्या बोगद्यात समुद्राच्या तळाखाली वाहतुकीचा गोल चौकसुद्धा आहे. तेव्हा ‘बोटीची वाट पाहणारा वाचक’ ही गोष्ट जुनी झाली. नवी फँटसी तिथे लंडनमध्ये येते त्याच दिवशी पोहोचते. पोहोचते ती इंग्रजीत.

१९४८च्या स्वराज्य कायद्यानंतर फॅरोई ही बेटांची मुख्य भाषा म्हणून मान्य झाली. संसद, शाळा, वृत्तपत्र, आकाशवाणी, चर्च, विद्यापीठ, सगळीकडे ती आली. १८२३ साली जे प्रांत तिच्याकडे नव्हते ते सगळे तिने मिळवले. आणि जो एकच प्रांत तिचा पूर्वापार होता, अद्भुताचा, तो मात्र तिच्या हातून निसटू लागला आहे. तेव्हा प्रवचन परभाषेत होते आणि ड्रॅगन घरच्या भाषेत. आता प्रवचन घरच्या भाषेत आहे आणि मुलाच्या मनातला ड्रॅगन इंग्रजी बोलतो. फॅरोच्या फँटसी-चाहत्याची खरी कोंडी ही आहे. त्याच्याजवळ पुस्तके भरपूर आहेत; आवडीचे बोलायला शब्द मात्र उसने आहेत.

मग अनुवाद कोणासाठी? ज्या मुलाने इंग्रजीत सातही भाग संपवले, ते फॅरोई पुस्तक कशाला हाती घेईल? इथे मला साखळीनृत्य आठवते. त्या साखळीत शिरणारा माणूस शेवट जाणून घ्यायला येत नाही. ठाऊक असलेली गोष्ट आपल्या तोंडाने, आपल्या माणसांबरोबर म्हणायला येतो. उशिरा आलेल्या अनुवादाचेही काम हेच. धाकट्या भावंडाला वाचून दाखवायला, आजीला गोष्ट कळावी म्हणून, जादूच्या शाळेतल्या वस्तूंना आपल्या भाषेत काय म्हणायचे हे ठरवायला तो उपयोगी पडतो. शेवट फुटल्याने पुस्तक वाया जाते ही समजूत कथागीतांच्या देशाला लागू पडू नये.

या युक्तिवादाला मर्यादाही आहे, ती सांगितली पाहिजे. साखळीत माणूस हात धरून ओढला जातो. पुस्तकाकडे त्याला एकट्यानेच जावे लागते. परंपरेच्या अभिमानावर अनुवाद होत नाहीत. ते होतात अनुवादकाच्या वर्षानुवर्षांच्या कष्टांवर आणि शिक्षकांच्या खात्यासारख्या, तोटा सोसून चालणाऱ्या व्यवस्थेवर.

दुसरी एक वाटही तिथे सापडली आहे. राकेल हेल्म्सदाल ही फॅरोची लेखिका, एक आइसलँडी आणि एक स्वीडिश लेखक या तिघांनी मिळून लहान आणि मोठ्या राक्षसाच्या चित्रकथांची मालिका २००४पासून काढली. मजकूर तिन्ही भाषांत बरोबरीने घडत गेला. इथे फॅरोई शेवटी येणारी भाषा नाही, पहिल्या तिघींतली एक आहे. तसेच ‘टीर’ या फॅरोच्या हेवी मेटल वाद्यवृंदाने २००३च्या संचात रेगिन लोहाराचे जुने कथागीत फॅरोईतच गायले. जगभरच्या श्रोत्यांपैकी बहुतेकांना त्यातला शब्दही कळत नसेल. बाहेरून ड्रॅगन आयात करणाऱ्या बेटाने एकदा तो निर्यातही केला.

काल्सोयचा शाप

फँटसीवर आपल्याकडे नेहमी घेतला जाणारा आक्षेप पलायनवादाचा. दूर, वादळी बेटावर राहणाऱ्याला तर पळून जावेसे वाटणारच, असे म्हणणे सोपे आहे. त्यावर काल्सोय बेटावरच्या मिक्लादालूर गावची कथा पाहावी. सील वर्षातून एका रात्री कातडी उतरवून माणसे होतात आणि किनाऱ्यावर नाचतात. एक तरुण शेतकरी एका सील-स्त्रीचे कातडे लपवून तिला बायको करतो. एके दिवशी पेटीची किल्ली घरी विसरतो. ती कातडे घेऊन समुद्रात परत जाते. पुढे गावचे पुरुष सीलची शिकार करतात, तीत तिचा समुद्रातला जोडीदार आणि पिल्ले मारली जातात. ती शाप देते : या गावचे पुरुष कोणी बुडतील, कोणी कड्यावरून पडतील, आणि मेलेल्यांनी हातात हात घालून सगळ्या बेटाला वेढा घालता येईल इतके मरेपर्यंत हे थांबणार नाही.

समुद्रात बुडणे आणि पक्षी किंवा मेंढ्यांसाठी चढलेल्या कड्यावरून पडणे, ही त्या बेटांवरची अगदी ओळखीची मरणे. कथेने त्यांतले एकही लपवलेले नाही. आणि हातात हात घातलेल्यांची ती साखळी नाचातली आहे. फक्त इथे ती मेलेल्यांची आहे. ज्या गावात प्रत्येक घरातून कोणीतरी असे गेलेले असते, तिथे ही कथा वास्तवापासून पळत नाही. ती वास्तवाची मोजदाद ठेवते, आणि दोषाचा वाटा आपल्याच गावाच्या पदरात घालते.

२०१४ साली या सील-स्त्रीचा पुतळा मिक्लादालूरच्या किनाऱ्यावर उभा राहिला. त्याच बेटाच्या उत्तर टोकाला आता जेम्स बाँडची समाधीशिळा आहे, कारण २०२१च्या बाँडपटाचा शेवट तिथे घडतो. बाहेरचे चाहते दोन्ही ठिकाणी छायाचित्रे काढतात. दोन्ही कल्पित. एका कल्पितात मात्र गावचे मृत आहेत.

आपला प्रश्न

मराठी बोलणारे २०११च्या जनगणनेप्रमाणे ८ कोटी ३० लाखांच्या आसपास. फॅरोशी तुलनाच नाही, असे वाटेल. पण श्रीरामपूरला छापल्या गेलेल्या सुरुवातीच्या मराठी पुस्तकांत ‘सिंहासन बत्तिशी’ होती; बोलणाऱ्या पुतळ्यांनी आपलीही छपाई सुरू करून दिली आहे. नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ने पिढ्यांना झपाटले. भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठीत आणला. आज शहरातले मराठी मूल घरी मराठी बोलते आणि जादूची छडी फिरवताना इंग्रजी. हॅरी पॉटर मराठीत आहे, टॉल्किनही आहे. त्यांच्याभोवती मराठीत बोलणारा, वाद घालणारा, पुढची गोष्ट रचणारा वाचकवर्ग मात्र विरळ. आपली समीक्षाही अद्भुताला बालवाङ्मयाच्या फडताळात ठेवून मोकळी होते.

फॅरोकडून शिकायचे ते एवढेच, की भाषा कायद्यात आली, शाळेत आली, म्हणून ती सर्वत्र आली असे होत नाही. मुलाला अशक्य गोष्टीची कल्पना करायची असेल तेव्हा ते कोणत्या भाषेत शिरते, हे तपासत राहावे लागते. रत्नागिरीहून लहान देशाच्या शिक्षकांनी ते तपासले आणि पुस्तके काढली. आपल्या शिक्षक-संघटना, ग्रंथालये आणि दिवाळी अंक यांनी हे काम अजून पुरतेपणी अंगावर घेतलेले नाही.